मालवणात पहिल्यांदा स्कुबा करताय? मग हे वाचून जा

मालवणचं स्कुबा म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं खडकाळ, उथळ पाणी. नवख्यांना फार खोल नेत नाहीत, पाच-सात मीटरच्या आतच सगळं चालतं, पण तेवढ्या पाण्यातही प्रवाळ आहेत आणि मासे तर विचारू नका. पोहता येत नसलं तरी चालतं, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो.

पावसाळ्यात सगळं बंद, सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. मी डिसेंबर-जानेवारीच सांगेन, आणि तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये तिथी नक्की बघा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर होतं आणि तळाची माती वर येऊन सगळं गढूळ दिसतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते तेव्हा पाणी त्यामानाने शांत, म्हणून ते दिवस धरा आणि सकाळची पहिली बोट घ्या, दुपारी वारा वाढतो.

सर्दी असेल तर जाऊ नका, पैसे भरले असले तरी. दमा, हार्टचा त्रास, कानाचं ऑपरेशन, प्रेग्नन्सी यातलं काहीही असेल तर फॉर्मवर लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आता कान. लोकांना वाटतं उथळ आहे म्हणजे कानाला काय होणार, पण वर जेवढा दाब असतो त्याच्या दीडपट पाच मीटरवर होतो आणि दुप्पट दहा मीटरवर, म्हणजे प्रमाणात बघितलं तर सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो. म्हणून डोकं पाण्याखाली गेल्यापासूनच नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, थोडं खाली गेलं की परत, दुखायच्या आधी. दुखलंच तर कानाकडे बोट दाखवून हाताचा पंजा हलवायचा, इन्स्ट्रक्टर थोडं वर घेतो. मी पहिल्या वेळी हे सांगितलं नाही, तसंच रेटलं आणि पुढचे आठ दिवस एक कान बंद होता.

तोंडाने श्वास चालू ठेवायचा, कधीच रोखून धरायचा नाही, वर येताना तर अजिबात नाही, कारण वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते. माझा इन्स्ट्रक्टर मालवणीत एवढंच म्हणाला होता, "श्वास घेत रव, बाकी माझ्यावर सोड." आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. मस्त चाललंय सांगायचं असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करा.

एक गोष्ट मनापासून सांगते. काही बोटींवर व्हिडिओसाठी पाण्यात ब्रेड, बिस्किट टाकतात. आमच्या वेळी टाकलं आणि क्षणात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सार्जंट माशांचा घोळका चेहऱ्यासमोर आला, बाकी काही दिसेनाच. हे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे हो, माशांना बिस्किट कशाला? बोट सुटायच्या आधीच सांगा, आम्हाला खाणं टाकायला नको.

दुसऱ्या वेळी मी तसं सांगितलं आणि एका खडकाजवळ दोन मिनिटं नुसती स्थिर राहिले. आधी काहीच नाही. मग एक पोपट मासा आला, खडकाला तोंड लावून खरवडायला लागला आणि तो कटकट आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता! खालच्या फटीत एक गोबरा मासा तोंड उघडमीट करत बसलेला, तो तर आधीपासूनच तिथे होता, मलाच दिसला नव्हता. म्हणून हातपाय मारू नका, कशाला हात लावू नका आणि प्रवाळावर पाय तर टेकवूच नका, तो दगड दिसला तरी जिवंत असतो.

परतीचं विमान सिंधुदुर्गातल्या चिपीचं असो की गोव्यातल्या मोपाचं, डाइव्ह आणि फ्लाइटमध्ये निदान बारा तास ठेवा, मी अठरा ठेवते. सकाळी स्कुबा आणि दुपारी फ्लाइट असा प्लॅन असेल तर स्कुबा आदल्या दिवशी उरका.