ख्रिस्तशरीर स्वीकारताना तळहाताकडे पाहावे

वसईतील धर्मग्रामात मी गेली काही वर्षे मुलांना पहिल्या ख्रिस्तशरीरासाठी, म्हणजे चर्चमध्ये पवित्र केलेली भाकर पहिल्यांदा स्वीकारण्यासाठी, तयार करते. सरावाच्या दिवशी आम्ही मिस्सेत (चर्चमधील मुख्य उपासनेत) न वापरलेले साधे होस्ट, म्हणजे गव्हाच्या भाकरीच्या पातळ चकत्या, मुलांच्या तळहातावर ठेवतो. एका वर्षी एका मुलीने तो होस्ट उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, ‘‘टीचर, रविवारचा होस्ट असाच दिसतो, असाच लागतो, मग फरक कशात आहे?’’ हा प्रश्न मोठ्यांनीही स्वतःला विचारायला हवा, कारण त्याचे उत्तर मनात पक्के असेल तरच रांगेत कसे चालावे, हात कसे धरावेत आणि नंतर काय करावे हे नियम ओझे न वाटता आपोआप पाळले जातात.

उत्तर असे आहे. मिस्सेत धर्मगुरू ‘हे माझे शरीर आहे’, ‘हा माझ्या रक्ताचा प्याला आहे’ हे येशूचे शब्द उच्चारतात, तेव्हा भाकरीचे आणि द्राक्षारसाचे रंग, रूप, चव, वजन तसेच राहते. परंतु ती वस्तू मुळात जी आहे, ते तिचे तत्त्वच पालटते आणि तेथे ख्रिस्त स्वतः असतो. या पालटासाठी रूढ झालेली ‘ट्रान्ससबस्टॅन्शिएशन’ (तत्त्व पालटणे) ही संज्ञा १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे बिशपांच्या सभेने, वापरली, आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ख्रिस्त तेथे खरोखर, वास्तविक आणि तत्त्वतः उपस्थित असतो असे ठामपणे सांगितले. ही श्रद्धा मात्र त्या संज्ञेहून पुष्कळ जुनी आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात ‘मी जीवनाची भाकर आहे’ असे म्हणणाऱ्या येशूचे बोलणे कठीण वाटून अनेक शिष्य निघून गेले, तरीही ‘मी केवळ उपमा दिली होती’ असे सांगून त्याने त्यांना परत बोलावले नाही. मला स्वतःला या श्रद्धेचा सर्वांत भक्कम आधार तेथेच सापडतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: होस्टचे तुकडे झाले तरी ख्रिस्ताचे तुकडे होत नाहीत, प्रत्येक तुकड्यात आणि प्याल्यातील प्रत्येक थेंबात तो संपूर्ण असतो.

तयारीची सुरुवात घरीच होते. ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी किमान एक तास काही खाऊपिऊ नये. पाणी आणि औषध चालते. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना हे बंधन नाही. आमच्या आजीच्या पिढीला मध्यरात्रीपासून उपास असे. १९५७ मध्ये तो तीन तासांचा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत ते आंतरराष्ट्रीय ख्रिस्तशरीर महोत्सवासाठी मुंबईला आले. एक तास फार थोडा आहे, म्हणूनच तो घड्याळ बघून कसाबसा भागवण्याऐवजी मन जागे करण्यासाठी वापरावा.

उपासाहून महत्त्वाची तयारी अंतःकरणाची. गंभीर पापाची जाणीव असेल तर आधी प्रायश्चित्त संस्कार घ्यावा, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसे कुमसार करावे, धर्मगुरूंजवळ पापांची कबुली द्यावी. अयोग्य रीतीने ही भाकर खाणारा प्रभूच्या शरीरासंबंधी दोषी ठरतो, असे संत पौलाने करिंथकरांना बजावले आहे. ‘सगळे उठले, मी एकटाच बसलो तर लोक काय म्हणतील’ या भीतीने रांगेत जाऊ नये. जागेवर गुडघे टेकून, प्रभू आपल्याकडे यावा अशी मनापासून इच्छा करणे हीदेखील खरी प्रार्थना आहे, आणि शेजारी बसून राहिला तर त्याच्याकडे वळून पाहू नये हे आपले कर्तव्य आहे.

येथे लग्ना-मयताला येणाऱ्या आपल्या हिंदू स्नेह्यांविषयी सांगायला हवे. प्रसाद सर्वांनी घ्यायचा असतो, नाकारणे बरे नव्हे, या सद्भावनेने ते रांगेत उभे राहतात. दोष त्यांचा नसतो. आपण आधी सांगितलेले नसते. मिस्सेपूर्वीच प्रेमाने सांगावे की जे ही श्रद्धा धरतात आणि कॅथोलिक धर्मसभेत सहभागी आहेत, त्यांनीच हे स्वीकारायचे असते, आणि त्यांनी जागेवर बसून आपल्याबरोबर प्रार्थना केली तर आपल्याला आनंदच होईल.

रांगेत हात जोडून, न बोलता चालावे. आपली पाळी येण्यापूर्वी मान लववून वंदन करावे. ‘ख्रिस्ताचे शरीर’ असे शब्द कानी आले की ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे ‘आमेन’ म्हणावे. ‘होय, हे असेच आहे’ असा त्याचा अर्थ असल्यामुळे तो पुटपुटण्याचा शब्द नव्हे. जिभेवर घ्यायचे असेल तर तोंड नीट उघडून जीभ पुढे करावी. हातावर घ्यायचे असेल तर हात स्वच्छ आणि रिकामे असावेत. मोबाईल किंवा रुमाल हातात नसावा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डावा तळहात वर आणि उजवा खाली धरावा, छातीच्या उंचीवर, सपाट. होस्ट बोटांनी ओढून घेऊ नये, तो ठेवू द्यावा. मग एक पाऊल बाजूला होऊन, वेदीकडे तोंड असतानाच, उजव्या हाताने उचलून तो तोंडात घ्यावा. हातात घेऊन चालत जागेवर जाणे किंवा खिशात ठेवणे मुळीच चालत नाही.

आणि मग तळहाताकडे पाहावे. ही गोष्ट मी मुलांकडून पुन्हा पुन्हा करून घेते, कारण बहुतेकजण नेमकी हीच विसरतात. घामेजलेल्या तळहाताच्या रेघेत कधीकधी तिळाहूनही लहान पांढरा कण चिकटून राहिलेला असतो. तो जिभेने टिपून घ्यावा, हात झटकू नयेत. जेरुसलेमचे संत सिरिल यांच्या नावे असलेल्या चौथ्या शतकातील प्रवचनांत, राजाला स्वीकारणाऱ्या हातासाठी दुसऱ्या हाताचे सिंहासन करा असे सांगून लगेच विचारले आहे की, कोणी तुम्हाला सोन्याचे कण दिले असते तर एकही पडू नये म्हणून तुम्ही किती जपले असते? त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी याच कणावर बोट ठेवून दिले होते. साध्या होस्टचा कण तिने फ्रॉकला पुसला होता. रविवारी तिने तो पुसला नाही.

होस्ट खाली पडला तर गोंधळून पळू नये आणि पाय पडू देऊ नये. तो आदराने उचलला जाईल. धर्मगुरूंना फक्त लगेच सांगावे. गव्हाचा त्रास असणाऱ्यांनी त्यांच्याशी आधीच बोलून ठेवावे: कमी ग्लुटेनचा होस्ट मिळू शकतो, किंवा केवळ प्याल्यातून घेता येते, आणि त्यात काहीही उणे राहत नाही.

जागेवर परतल्यावर निदान काही मिनिटे गप्प राहावे. भाकरीचे रूप टिकते तोवर प्रभू त्या रूपात आपल्या देहात असतो. त्या वेळी मोबाईल पाहणे किंवा चपला शोधत दाराकडे निघणे मनाला खुपायला हवे.

घरी आजारी माणसासाठी धर्मगुरू ख्रिस्तशरीर घेऊन येणार असतील, तर खाटेजवळ लहान टेबल पुसून त्यावर पांढरे कापड, क्रूस आणि मेणबत्ती ठेवावी. टीव्ही बंद करावा आणि दाराशी त्यांच्याशी गप्पा मारत उभे राहू नये, कारण ते एकटे आलेले नसतात. पेलाभर पाणी जवळ असू द्यावे; आजाऱ्याचा घसा कोरडा असतो आणि होस्ट टाळूला चिकटतो. अख्खा गिळवत नसेल तर तसे सांगावे, म्हणजे ते त्याचा लहानसा तुकडा देतील.