दोन लिप्या वाचता येतात ना? मग विकीवर या

आपल्याकडे काय नाही, याची यादी बेळगावच्या पोरांना तोंडपाठ असते. मोठे प्रकाशक पुण्या-मुंबईला, नोकऱ्या बेंगळुरूला आणि सरकारी कागद कन्नडमध्ये. पण खडेबाजारातल्या पाट्या आणि बसवरचे बोर्ड वाचता वाचता कन्नड लिपी आपल्याला कधी यायला लागली, हेही आठवत नाही. पुण्यात बसून मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्याकडे सहसा ही पुंजी नसते. मी या कामात आलो तो मराठीच्या प्रेमापोटी, टिकलो मात्र कन्नड वाचता येतं म्हणून. नव्याने येणाऱ्यांनाही तेच सांगतो, दोन्ही वापरा.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि कन्नड विकिपीडियाही त्याच वर्षीचा. दोन्हींवर कुणीही लिहू शकतं आणि तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतो. म्हणजे तो फुकट वाचता येतो एवढंच नाही. तो उचलून, बदलून, छापूनही वापरता येतो, अगदी धंद्यासाठीसुद्धा. अट एवढीच की मूळ लिहिणाऱ्यांचं श्रेय द्यायचं आणि आपला मजकूरही तसाच खुला ठेवायचा. हे कळल्यावर काही जण बिचकतात, 'मी लिहिलेलं कोणीही वापरणार?' होय, वापरणार. ते पटत नसेल तर हे काम तुमचं नाही, यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

खातं उघडलं की बहुतेकांचा हात पहिल्यांदा सीमाप्रश्नाच्या लेखाकडे जातो. जाऊ नका. १९५६ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोग, २००४पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, या सगळ्यावर आपली मतं घट्ट असतात आणि समोरच्याचीही असतात. तिथे प्रत्येक वाक्याला भक्कम संदर्भ लागतो आणि भाषा तटस्थ लागते. नवखा माणूस तावातावाने दोन परिच्छेद लिहितो, ते संध्याकाळपर्यंत उलटवले जातात, मग तो 'आपल्यावर इथेही अन्याय' म्हणत निघून जातो तो कायमचाच.

त्यापेक्षा खानापूर तालुका घ्या. नंदगडचंच बघा. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा साथीदार आणि इंग्रजांशी लढलेला संगोळ्ळी रायण्णा, त्याला १८३१ साली फाशी दिली ती इथे. गावात मराठी बोललं जातं, पण रायण्णावरचं बहुतेक लेखन कन्नडमध्ये आहे. असं एखादं कन्नड पुस्तक वाचून मराठीत चार नेमकी, संदर्भासह वाक्यं लिहिणारा माणूस कुठून आणायचा? तो तुमच्या घरात बसलेला आहे. हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर, मलप्रभेचा उगम असलेलं कणकुंबी, निपाणीची तंबाखू आणि तिथलं शेतकरी आंदोलन, बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती (जैन मंदिर), असे विषय भरपूर आहेत. जुन्या माहितीसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्यावर आहे. तो १८८४ सालचा, त्यामुळे हक्कमुक्त, म्हणजे त्यावर आता कॉपीराइट नाही. मात्र त्यातली तळी, बाजार, रस्ते घ्यावेत. जातीजमातींच्या स्वभावाबद्दल साहेबाने झोडलेली मतं तिथेच सोडावीत.

आपल्याकडचा दुसरा ठेवा म्हणजे स्मरणिका. येळ्ळूर, कडोली, उचगाव, कारदगा अशा गावांत साहित्य संमेलनं होतात आणि त्या निमित्ताने छापलेल्या अंकांत गावच्या शाळेचा, तालमीचा, नाटक मंडळींचा इतिहास सापडतो. एरवी तो कुठेच नसतो. वाचनालयातल्या काकांना नीट विचारलंत तर ते कपाट उघडून देतात. अंकातली वाक्यं उचलायची नाहीत, कारण हक्क लेखकाचा असतो. त्यातली माहिती मात्र आपल्या शब्दांत मांडायची आणि अंकाचं नाव, वर्ष, पान द्यायचं. माहितीवर कुणाचा मालकी हक्क नसतो. आजीने सांगितलेली हकिकत कितीही खरी असली तरी छापील आधाराशिवाय विकिपीडियावर चालत नाही. हा नियम मला अजूनही आमच्यासारख्या भागावर जरा कडक वाटतो, कारण इथलं बरंच काही छापलंच गेलेलं नाही. पण नियम नसता तर काय काय घुसलं असतं, तेही डोळ्यांसमोर येतं.

लेख लिहायला हात धजत नसेल तर विकिस्रोतापासून सुरुवात करा. तिथे हक्कमुक्त पुस्तकांची स्कॅन केलेली पानं असतात. यंत्राने ओळखलेला मजकूर शेजारी येतो आणि आपण मूळ पान बघत तो सुधारायचा. यंत्र 'ख'चा 'रव' करतं, 'घ' आणि 'ध' यांत गोंधळतं, अनुस्वार गिळतं आणि 'दुसऱ्या'तला आडवा र त्याला बहुधा पेलत नाही. पान सुधारलं की ते पिवळं होतं. मग दुसऱ्या कोणीतरी तपासून हिरवं करायचं, आपलं पान आपणच हिरवं करता येत नाही. शुद्धलेखन सुधारायला याहून चांगली शाळा मी पाहिलेली नाही.

कोणतं पुस्तक चालेल, याचा हिशेब सोपा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, तेव्हा 'संगीत शाकुंतल' खुशाल घ्या. इंदिरा संत बेळगावच्या, आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याच्या, पण त्या २००० साली गेल्या. त्यांच्या कविता २०६० संपेपर्यंत चढवता येणार नाहीत. त्यांच्यावरचा लेख मात्र आजच सुधारता येईल.

एक अडचण इथे फार येते. छापखान्यातल्या मित्राकडे जुन्या अंकांच्या फाइली असतात, पण त्या श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये. कॉपी करून युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा पडतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. जोडाक्षरं आणि रफार एकेक करून बघावेच लागतात. शिवाय फाइल मित्राकडे आहे म्हणून हक्क मित्राचा होत नाही. लेखकाची लेखी परवानगी हवीच.

बोलीचंही काम आहे. 'कुठं जाऊलालास?' हे आपण दिवसभर बोलतो, पण लिहिताना प्रमाण मराठीत शिरतो. विकिपीडियाचा लेख प्रमाण भाषेतच हवा. बोलण्याचं ध्वनिमुद्रण मात्र लिंगुआ लिब्रे या ध्वनिमुद्रणाच्या संकेतस्थळावरून थेट कॉमन्सवर, म्हणजे विकीच्या चित्र-ध्वनींच्या खुल्या भांडारात, चढवता येतं. फोनच्या माइकवरही काम भागतं, फक्त पंखा बंद करा.

पहिली खरड धूळपाटीवर, म्हणजे विकीवरच्या सरावाच्या पानावर करा, अडलं तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर विचारा. कुणी तुमचा बदल उलटवला तर आधी लेखाचा इतिहास, म्हणजे त्यातल्या बदलांची यादी पाहा, कारण बहुधा तिथे लिहिलेलं असतं. तरीही पटलं नाही तर त्या लेखाच्या चर्चापानावर जा. कन्नड संदर्भात अडलात तर कन्नड विकीवरच्या लोकांना बेलाशक विचारा. भाषेवरून चौकात जे ऐकू येतं ते तिथे ऐकू येत नाही, हा माझा अनुभव.

पैशांचं विचाराल तर संपादनाला पैसे मिळत नाहीत. पण अनुवाद, मुद्रितशोधन, ॲपचं मराठीकरण अशा कामांसाठी मला विचारणा झाली तेव्हा दाखवायला हेच होतं. नमुना पाठवताना अख्ख्या लेखाचा दुवा देऊ नका, त्यात दहा जणांचा हात असतो. लेखाच्या इतिहासात जाऊन तुम्ही केलेल्या बदलाचाच दुवा उचला. तिथे आधीचा मजकूर डावीकडे आणि तुमचा उजवीकडे दिसतो. काम देणाऱ्याला तेवढंच बघायचं असतं.