दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रक्तवाहिनीला इजा: या चुका टाळा

पित्ताशय काढताना सिस्टिक धमनी (पित्ताशयाला रक्त पुरवणारी) सुटली की रक्ताची चिळकांडी थेट लेन्सवर येते आणि पडदा लाल होतो. हात आपसूक क्लिपकडे (वाहिनी बंद करणारा छोटा चाप) किंवा कॉटरीकडे (विजेने जाळून रक्त थांबवणारे उपकरण) वळतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उजवी यकृत धमनी आणि मुख्य पित्तनलिका तिथेच शेजारी असतात. मूळ रक्तस्राव बहुधा आटोक्यात येतो; न दिसता मारलेल्या क्लिपची इजा रुग्णाला जन्मभर भोगावी लागते. शिकत असताना मीही अशी एक क्लिप मारली होती. ती चरबीवर बसली, पण ते आठवले की आजही हात थांबतो.

दुर्बीण मागे घ्या, लेन्स पुसा. पित्ताशयाचाच फुगीर भाग किंवा पोर्टमधून (उपकरणे आत न्यायची नळी) सोडलेला गॉज त्या जागेवर दाबा आणि घड्याळ बघून 5 मिनिटे धरा. मध्येच उचलून बघायचे नाही. तेवढ्यात भूलतज्ज्ञांना सांगा, सिस्टरना ओपनचा (पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेचा) ट्रे घ्यायला लावा, गरज वाटली तर जादा पोर्ट घाला. सक्शन थोडे थोडेच वापरा. सतत चालू राहिले तर पोट फुगवायला भरलेला गॅस ओढला जातो आणि दिसेनासे होते.

मोठ्या वाहिन्यांना इजा होते ती बहुतेकदा पोटात शिरताना, व्हेरेस नीडलने (गॅस भरायची सुई) किंवा पहिल्या ट्रोकारने (पोर्ट घालायचे टोकदार उपकरण). महाधमनी बेंबीच्या आसपासच दुभंगते आणि सडपातळ रुग्णात त्वचेपासून जेमतेम काही सेंटिमीटर खोल असते. म्हणून पहिला पोर्ट जाईपर्यंत टेबल सपाट हवे. रुग्णाचे डोके आधीच खाली केले, तर नेहमीच्या कोनातली सुई मोठ्या वाहिन्यांकडे जाऊ शकते. सुईतून रक्त आले तर गॅस सोडू नका, सुई हलवू नका, काढूही नका. सुईचा कॉक (तोटी) बंद करा आणि पोट उघडा.

पोटात रक्त दिसत नाही म्हणून निर्धास्त राहणे फार धोक्याचे. रक्त पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतल्या अस्तराच्या) मागे साचत राहते आणि पहिली खूण भूलतज्ज्ञांच्या मॉनिटरवर दिसते: नाडी वाढते, बीपी कोसळते. अशा वेळी मध्यरेषेत छेद घ्या, हाताने दाबून धरा आणि रक्त चढेपर्यंत, व्हॅस्क्युलर सर्जन येईपर्यंत दाब सोडू नका. चिमट्याने शीर पकडायला गेलात तर ती आणखी फाटते. ओपन करण्यात कमीपणा नाही. उशीर मात्र जीव घेतो.

शेवटी गॅसचा दाब 12–15 mmHg वरून 8 च्या खाली आणून काही मिनिटे थांबा, कारण जास्त दाबाखाली शिरांचे झिरपणे दबून राहते. बाजूचे पोर्ट दुर्बिणीतून बघतच काढा. इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक धमनी (पोटाच्या पुढच्या भिंतीतली) चिरली असेल तर ट्रोकार निघेपर्यंत ती दबलेली असते. तिथे रक्त आलेच, तर त्याच भोकातून फोली कॅथेटर (टोकाला फुगा असलेली लघवीची नळी) घाला, फुगा फुगवून बाहेरच्या बाजूला ताणून धरा आणि मग निवांत टाका घ्या.