'चार्ज' शब्दाचा अर्थ लावताना या चुका टाळा

इंग्रजी कागदात 'चार्ज' दिसला की मनातल्या मनात 'फी' म्हणून पुढे जायची आपल्याला सवय आहे. सगळ्यांत महाग पडते ती हीच चूक, आणि बडोद्यात ती जुन्या घरांच्या व्यवहारात होते. दांडिया बाजारातला किंवा रावपुऱ्यातला वाडा घ्यायचा ठरतो. वकिलांच्या टायटल रिपोर्टमध्ये, म्हणजे मालकी हक्क तपासून दिलेल्या अहवालात, एक ओळ असते: 'सब्जेक्ट टू अ चार्ज इन फेव्हर ऑफ द बँक'. वाचणाऱ्याला वाटतं, बँकेची किरकोळ फी राहिली असेल, भरून टाकू. प्रत्यक्षात मिळकतीवर बोजा आहे! 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 100 याच 'चार्ज'बद्दल आहे: एकाची स्थावर मिळकत दुसऱ्याच्या पैशासाठी तारण. आणि रिपोर्टमध्ये ओळ होती म्हटल्यावर 'मला ठाऊक नव्हतं' ही सबब चालत नाही. तेव्हा बँकेचा नो ड्यूज दाखला आणि बोजा कमी झाल्याची नोंद आधी पाहा. साठेखत, म्हणजे इथलं बानाखत, त्यानंतर.

फी, बोजा, आरोप, ताबा हे 'चार्ज'चे सगळे अर्थ मुळात एकाच घरचे. लॅटिनमध्ये गाडीवर ओझं लादणं, तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत. आपल्याकडेही पदभार, कार्यभार, विजेचा प्रभार यांत 'भार' आहेच. अशा कारभारी इंग्रजी शब्दांना देशी प्रतिशब्द देणारा 'सयाजी शासन शब्द कल्पतरु' बडोदा संस्थानाने 1931 मध्येच छापला होता. सयाजीरावांच्या त्या दूरदृष्टीचा मला फार आदर वाटतो.

बातम्या वाचतानाही गफलत होते. चार्जशीट दाखल करतात पोलीस. 'चार्ज फ्रेम' करतं न्यायालय, तेही नंतर. मधल्या टप्प्यावर आरोपीला 'डिस्चार्ज' म्हणजे दोषमुक्ती मिळू शकते. त्यामुळे चार्जशीट आली एवढ्यावरून 'कोर्टाने आरोप ठेवले' असं कुणाबद्दल बोलू नका. खटला चालून होणारी निर्दोष सुटका आणखी वेगळी.

अर्थ अडला तर पुढचा छोटा शब्द बघा. 'चार्ज्ड विथ' आलं तर आरोप; 'चार्ज्ड फॉर' आलं तर बहुधा पैसे. मुलांच्या शाळेला इंग्रजीत पत्र लिहिताना तर फारच जपा. 'द चाइल्ड इज इन चार्ज ऑफ हिज ग्रँडमदर' लिहिलंत तर आजीच नातवाच्या ताब्यात जाते. 'इन द चार्ज ऑफ' लिहा, म्हणजे नातू आजीकडे राहील.