लपून हल्ला होणार असेल तर: डीएमची (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरची) सेशनआधीची तयारी

पुढच्या सेशनमध्ये कुणीतरी दबा धरून बसणार असेल, मग ते गॉब्लिन असोत की तुमचेच खेळाडू, तर नकाशा काढायच्या आधी नियमांची आवृत्ती पक्की करा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिकाखेळाच्या पाचव्या आवृत्तीची २०१४ ची आणि २०२४ ची नियमावली बऱ्याच ठिकाणी सारखी आहे, पण लपण्याच्या बाबतीत नाही. २०१४ मध्ये लपणाऱ्याचा स्टेल्थ चेक (लपण्याच्या कौशल्याचा फासा) शोधणाऱ्याच्या परसेप्शनशी (हेरण्याच्या कौशल्याशी) भिडतो. कुणी मुद्दाम शोधत नसेल तर त्याच्या पॅसिव्ह परसेप्शनशी, म्हणजे फासा न टाकता धरायच्या ठरलेल्या आकड्याशी. २०२४ मध्ये आधी डीसी (गाठायचा आकडा) १५ पार करावी लागते. तीही शत्रूच्या नजरेच्या रेषेबाहेर, गडद अंधारासारख्या ठिकाणी किंवा किमान पाऊण अंग झाकणाऱ्या कव्हरमागे असतानाच. त्यात जो आकडा येतो तो पुढे शोधणाऱ्याची डीसी होतो. टेबलावर दोघांकडे जुनं पुस्तक आणि दोघांकडे नवं असेल, तर भांडण ठरलेलंच आहे. ग्रुपवर दोन ओळींचा मेसेज टाका: आपण अमुक नियमावलीने खेळतोय, लपण्याचा नियम हा असा. मेसेज सेशनच्या आदल्या दिवशी गेला पाहिजे, लढाई सुरू झाल्यावर नव्हे.

त्याच मेसेजमध्ये एक निर्णयही कळवा. २०२४ च्या नियमात यशस्वीपणे लपणाऱ्याला ‘इन्व्हिजिबल’ म्हणजे अदृश्य ही कंडिशन मिळते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, शत्रूने शोधून काढलं, हल्ल्याचा फासा टाकला किंवा तोंडाने मंत्र म्हणावा लागणारा स्पेल टाकला, की ती संपते. आता खांबामागे लपलेला खेळाडू लख्ख उजेडात चालत पहारेकऱ्याच्या समोर आला तर काय? अक्षरशः वाचलं तर तो अजून अदृश्यच, आणि असं वाचणारा एक तरी खेळाडू प्रत्येक टेबलावर असतो. माझा निकाल असा: उघड्यावर आलात आणि तुमच्याकडे तोंड करून कुणी उभा असेल तर त्याने तुम्हाला शोधलं. मात्र दारातून झेप घेऊन त्याच टर्नमध्ये वार करत असाल तर तो वार लपलेल्याचाच धरायचा. तुमचा निकाल वेगळा असू शकतो. तो लढाईच्या मध्यावर सुचलेला नसावा, एवढंच.

यानंतर प्रत्येक पात्रासाठी तीन प्रश्नांची उत्तरं हाताशी ठेवा: समोरच्याला ते दिसतंय का, दिसत नसलं तरी ते कुठे आहे हे ठाऊक आहे का, आणि तिथे कुणीतरी आहे याची मुळात चाहूल तरी लागली आहे का. स्टेल्थवरचे बहुतेक वाद हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने यांना स्वतंत्र नावंच दिली आहेत: ऑब्झर्व्हड, हिडन, अनडिटेक्टेड, अननोटिस्ड. ऑब्झर्व्हड म्हणजे सरळ दिसणारा. हिडन म्हणजे तुम्ही दिसत नाही, पण नकाशावरच्या कुठल्या चौकटीत आहात हे त्याला माहीत आहे. तो वार करू शकतो, फक्त आधी डीसी ११ चा फ्लॅट चेक (कौशल्याची भर न घालता टाकलेला फासा) लागतो. अनडिटेक्टेड म्हणजे चौकटही माहीत नाही. अननोटिस्ड म्हणजे तुम्ही आहात हेच माहीत नाही. याशिवाय धुक्यात धूसर दिसणाऱ्यासाठी कन्सील्ड आहे, त्याचा फ्लॅट चेक डीसी ५ चा. तुम्ही पाचवी आवृत्ती खेळत असलात तरी ही विभागणी उसनी घ्या. माझ्या इनिशिएटिव्हच्या (लढाईत कुणाची पाळी कधी या क्रमाच्या) कागदावर प्रत्येक नावापुढे एक छोटा रकाना असतो: ‘दि’ म्हणजे दिसतो, ‘जा’ म्हणजे जागा माहीत, ‘ना’ म्हणजे पत्ताच नाही. अदृश्य झालेला जादूगार पायऱ्यांवरून धडधडत खाली उतरला तर तो ‘जा’ आहे, ‘ना’ नाही. २०१४ च्या नियमातही अदृश्य असणं म्हणजे आपोआप लपणं नव्हे. अदृश्य असल्यामुळे लपण्याचा प्रयत्न कुठेही करता येतो, पण त्यासाठी अ‍ॅक्शन (टर्नमधली मुख्य कृती) खर्च करावीच लागते.

आता नकाशा. भिंती आणि दारं सगळेच काढतात, उजेड कुणी काढत नाही. एका रंगाने लख्ख उजेडाची हद्द काढा, दुसऱ्याने अंधुक उजेडाची, उरलेला अंधार. मशाल २० फुटांपर्यंत लख्ख आणि त्यापुढे आणखी २० फूट अंधुक उजेड देते. अंधुक उजेडात डोळ्यांनी टिपण्याच्या परसेप्शनला डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरणं) येतो, आणि पॅसिव्ह आकड्यासाठी त्याचा अर्थ सरळ वजा ५. इथेच बहुतेकांची गफलत होते, कारण डार्कव्हिजन असलं की अंधार संपला असं धरलं जातं. तसं नाही. डार्कव्हिजनमुळे अंधार अंधुक उजेडासारखा दिसतो, म्हणजे वजा ५ तिथेही लागू. ६० फुटांचं डार्कव्हिजन असलेला एल्फ पहारेकरी काळोख्या बोगद्यात आपल्या १४ च्या पॅसिव्हने नाही, तर ९ ने पाहतो. ६० फुटांच्या पलीकडे त्याला काहीच दिसत नाही. उलट मशाल घेऊन चालणारा पार्टीतला माणूस त्या पलीकडच्या सगळ्यांना दिसत असतो. मशाल कोणाच्या हातात आहे हे सेशनच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा. हल्ला होण्याच्या क्षणी विचारलंत तर सगळ्यांनाच कळतं की काहीतरी होणार आहे.

कव्हरच्या खुणा करताना कोण कशामागे लपू शकतो हेही पाहा. २०१४ चा लाइटफूट हाफलिंग आपल्यापेक्षा मोठ्या प्राण्याच्या आडही लपू शकतो. वुड एल्फला पानं, पाऊस, धुकं एवढा विरळ आडोसाही पुरतो. अशी पात्रं टेबलावर असतील तर त्यांच्यासाठी दोन-चार जागा मुद्दाम ठेवा.

मग आकडे गोळा करा. खेळाडूंचे पॅसिव्ह परसेप्शन कॅम्पेनच्या सुरुवातीला एकदा लिहून घ्या आणि लेव्हल वाढली की तपासा. शत्रूंचे दोन आकडे हवेत, स्टेल्थ आणि पॅसिव्ह. २०१४ च्या गॉब्लिनचा स्टेल्थ अधिक ६ आणि पॅसिव्ह ९. म्हणजे लपायला तरबेज, पण दुसरा लपला तर याला कळायची मारामार. लांडग्याचा पॅसिव्ह १३, आणि वास व आवाजाच्या चेकला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला जास्त आकडा, पॅसिव्हला अधिक ५), म्हणजे त्या बाबतीत १८. दोन लांडगे पहाऱ्यावर असले की तुमच्या सराईत चोराची झोप उडते. जायंट स्पायडरला १० फुटांचं ब्लाइंडसाइट (डोळ्यांशिवाय जाणवण्याची शक्ती) आहे, शिवाय जाळ्याला कुणी चिकटलं की त्याचा ठावठिकाणाही लागतो. तिथे अंधाराचा उपयोग नाही.

सहा गॉब्लिन झुडपात बसलेत आणि तुम्ही सहा वेगवेगळे फासे टाकणार असाल तर थांबा. ज्याला एकही धोका जाणवला तो २०१४ च्या नियमात बेसावध धरला जात नाही. १२ पॅसिव्ह असलेल्या खेळाडूला फसवायचं तर सहाही जणांना फाशावर ६ किंवा जास्त पडायला हवेत. एकाला तरी ५ किंवा कमी पडण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के. तुमचा सापळा बहुतेक वेळा आधीच फुटलेला आहे. म्हणून टोळीसाठी एकच फासा टाका, किंवा ग्रुप चेक घ्या: निम्मे पास झाले की सगळे पास. आणि जे गॉब्लिनना तेच खेळाडूंना. प्लेट आर्मर घातलेल्या पॅलाडिनला स्टेल्थवर डिसअ‍ॅडव्हान्टेज असतो. त्याचा एकट्याचा फासा सगळ्यांचा बेत बुडवणार असेल तर पार्टी लपून जायचा विचारच सोडून देते आणि प्रत्येक दार लाथेने उघडायला लागते. पार्टीत कुणाकडे ‘पास विदाउट ट्रेस’ आहे का हेही पाहून ठेवा. दुसऱ्या लेव्हलचा हा स्पेल ३० फुटांतल्या साथीदारांच्या स्टेल्थमध्ये थेट १० मिळवतो, तासभर. तो असेल तर पहारेकऱ्यांची गणितं विसरा, पार्टी आत येणारच. आत काय आहे त्याची तयारी करा.

सरप्राइज हा वेगळा कप्पा आहे. २०१४ मध्ये बेसावध सापडलेल्याला पहिल्या टर्नला हालचाल नाही, अ‍ॅक्शन नाही, आणि तो टर्न संपेपर्यंत दुसऱ्याच्या कृतीला तत्काळ उत्तर देणारी रिअ‍ॅक्शनही नाही. हे दर माणशी ठरतं, अख्ख्या बाजूचं मिळून नाही. २०२४ मध्ये इनिशिएटिव्हला फक्त डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि लपून बसलेल्याला अ‍ॅडव्हान्टेज. पाथफाइंडर २ मध्ये लपतछपत येणारा इनिशिएटिव्हच स्टेल्थने टाकतो, जे मला सगळ्यांत नीटस वाटतं. १९७४ च्या मूळ खेळात तर डी६ वर (सहा बाजूंच्या फाशावर) १ किंवा २ आला की बाजू गाफील, विषय संपला. तुमची पद्धत कुठलीही असो, ‘मी बाण सोडतो!’ असं खेळाडू ओरडला की आधी इनिशिएटिव्ह, मग बाण. बाण आधी आणि इनिशिएटिव्ह नंतर असं केलंत तर त्याला एक फुकटचा टर्न मिळतो. २०१४ च्या असॅसिनला हे आधीच समजावून सांगा, कारण त्याचा हक्काचा क्रिटिकल (इजेचे दुप्पट फासे देणारा वार) शत्रू बेसावध असेपर्यंतच आहे. शत्रूचा इनिशिएटिव्ह जास्त आला आणि त्याचा रिकामा टर्न आधी उलटला की तो बेसावध राहत नाही. ऐन वेळी हे ऐकून खेळाडूचा चेहरा पडतो.

स्नीक अटॅकबद्दल, म्हणजे ‘रोग’ (Rogue) या चोर-क्लासच्या जादा इजेच्या वाराबद्दल, थोडं सविस्तर, कारण नावामुळे घोळ होतो. त्यासाठी लपायची गरज नाही. हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज असला, किंवा लक्ष्याच्या ५ फुटांत त्याचा दुसरा एखादा धडधाकट शत्रू उभा असला आणि हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज नसला, की झालं. शस्त्र तेवढं फिनेस (चपळाईने चालवायचं) किंवा लांबून मारायचं हवं. पूर्वी असं नव्हतं. १९७५ मध्ये आलेल्या थीफला पाठीमागूनच वार करावा लागे, आणि १९७८ च्या नियमांत लेव्हलनुसार तो वार दुप्पट ते पाचपट लागायचा, जमला तर. आत्ताच्या रोग क्लासचा हिशेब मुळातच दर टर्नला एक स्नीक अटॅक धरून केलेला आहे: पहिल्या लेव्हलला १डी६, नवव्या लेव्हलला ५डी६ म्हणजे सरासरी साडेसतरा, आणि एकोणिसाव्याला १०डी६. फायटरसारखे जादा वार त्याला मिळत नाहीत. ‘रोज रोज कसा काय स्नीक अटॅक?’ म्हणून तो काढून घेणाऱ्या डीएमने मग फायटरचा दुसरा वारही काढून घ्यावा. आणि मर्यादा टर्नला एकदा अशी आहे, राउंडला एकदा अशी नाही. दुसऱ्याच्या टर्नमध्ये रिअ‍ॅक्शनने वार करायला मिळाला तर तिथेही तो लागू होतो.

लपून वार केला की तो लागो वा चुको, जागा उघड होते. मग रोग दुसऱ्या लेव्हलपासून बोनस अ‍ॅक्शनने (त्याच टर्नमधल्या छोट्या जादा कृतीने) पुन्हा लपतो, बहुधा त्याच खांबामागे. नियम याला मनाई करत नाही आणि मीही करत नाही. त्याऐवजी शत्रू काय करेल ते लिहून ठेवा. झॉम्बी काहीच करत नाही, जवळ दिसेल त्याच्यावर जातो. भाडोत्री सैनिक खांबाला वळसा घालून नजर मोकळी करून घेतो, किंवा ‘तो डोकावला की मारतो’ म्हणून अ‍ॅक्शन राखून ठेवतो. पुजारी सर्च अ‍ॅक्शन घेण्यापेक्षा खांबाच्या परिसरावर ‘फेअरी फायर’ हा अंगाला चमक आणणारा स्पेल टाकतो. मात्र प्रत्येक लढाईत असा पुजारी ठेवू नका. ज्याने पात्रच लपण्यासाठी बांधलंय त्याला चारपैकी तीन लढायांत लपू द्या.

न दिसणाऱ्यावर वार करताना चौकट अंदाजाने निवडावी लागते, आणि तिथे कुणी नसेल तर डीएमने फक्त ‘चुकला’ एवढंच म्हणायचं असतं. त्यासाठी लपलेल्यांचे मिनीएचर नकाशावरून उचला आणि त्यांच्या चौकटींचे आकडे पडद्यामागे वहीत लिहा. नकाशाच्या कडांना अक्षरं आणि अंक आधीच घालून ठेवले की ‘एफ ७’ एवढंच लिहून भागतं. दाट धुक्याचा स्पेल येणार असेल तर एक गंमत ध्यानात ठेवा: दोघंही एकमेकांना दिसत नसतील तर अ‍ॅडव्हान्टेज आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज कटून जातात आणि सगळे साधा फासा टाकतात. आंधळे तिरंदाज धुक्यातून सहजगत्या नेम मारताहेत हे विचित्र दिसतं, पण नियम तसाच आहे. खटकत असेल तर बदल आधी जाहीर करा.

वर्णनाची तीन-चार वाक्यंही तयार ठेवा. एखाद्याचा पॅसिव्ह जेमतेम पुरला तर ‘तुला गॉब्लिन दिसतो’ म्हणण्याऐवजी रातकिडे अचानक गप्प झाले, ओल्या मातीत ताजा ठसा आहे, असं काहीतरी. ते फक्त त्याच खेळाडूला सांगा, चिठ्ठीवर किंवा फोनवर. इतरांना सांगायचं की नाही हे त्याचं पात्र ठरवेल.

शेवटचा कागद फसलेल्या सापळ्याचा. खेळाडूंनी गॉब्लिनना आधीच हेरलं तर ते तिथेच बसून मरण्याची वाट पाहणार नाहीत. एक शिट्टी, दोन बाण, आणि बोनस अ‍ॅक्शनने पुन्हा झाडीत. ८० फुटांवरून शॉर्टबोने त्रास देत ते पार्टीला दुसऱ्या जागेकडे ओढत नेतील. ती दुसरी जागा नकाशावर आहे का ते पाहा. नसेल तर आत्ताच काढा, आणि तिथलाही उजेड रंगवा.