एटीमेगा ३२८पी वर भागाकार स्वस्तात कसा करायचा

या मायक्रोकंट्रोलर चिपमध्ये भागाकाराची सूचनाच (प्रोसेसरला थेट कळणारी आज्ञा) नाही. १६-बिट आकडा १० ने भागला की कंपायलर (सी कोडचं चिपच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम) बहुतेक वेळा लायब्ररीतलं रूटीन बोलावतो. ते एकेक बिट सरकवत, वजा करत दोनशेच्या आसपास सायकल (घड्याळाचे ठोके) खातं, म्हणजे १६ मेगाहर्ट्झवर साधारण १२-१३ मायक्रोसेकंद. मुख्य लूपमध्ये हे जाणवत नाही, इंटरप्टमध्ये (मुख्य काम थांबवून मध्येच चालणाऱ्या कोडमध्ये) चांगलंच जाणवतं.

आधी भागायची गरज आहे का ते बघा. सरासरी १० ऐवजी ८ किंवा १६ नमुन्यांची घेतली तर नुसत्या शिफ्टवर (बिट सरकवण्यावर) काम होतं. एडीसीचं (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचं) ० ते १०२३ मधलं वाचन ५ व्होल्ट संदर्भ धरून मिलिव्होल्टमध्ये आणायला ५००० ने गुणून १०२४ ने भागतात. ते ६२५ ने गुणून ७ बिट उजवीकडे सरकवण्याइतकंच आहे. मात्र १०२३ × ६२५ = ६,३९,३७५ हे १६ बिटांत मावत नाही, तेव्हा गुणाकार ३२-बिटमध्येच करा.

भाजक ठरलेला असेल तर गुणाकार वापरा (क्ष म्हणजे भागायचा आकडा, >> म्हणजे तितके बिट उजवीकडे सरकवणं):

क्ष ÷ १० = (क्ष × ५२४२९) >> १९

५२४२९ × १० = ५,२४,२९० आणि २ चा १९ वा घात ५,२४,२८८. जादा उरले २. १६-बिट आकड्यासाठी ही जादा रक्कम २ च्या (१९ − १६) व्या घातापर्यंत, म्हणजे ८ पर्यंत चालते. म्हणून ० ते ६५५३५ सगळीकडे उत्तर अचूक येतं. बाकी हवी तर क्ष मधून भागाकाराची दहापट वजा करा.

इथे दोन ठिकाणी घोळ होतो. या चिपवर सी मधला इंट (पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार) १६ बिटांचा असतो, त्यामुळे गुणण्याआधीच क्ष ३२-बिट अनसाइन्ड (चिन्हाविना) केला नाही तर वरचे बिट गळतात. दुसरं, इथे एका सूचनेत एकच बिट सरकतो. १९ बिटांचा शिफ्ट आकारासाठी ऑप्टिमाइझ करताना लूप बनू शकतो. आधी १६ ने सरकवून वरचे दोन बाइट १६-बिट चलात घ्या, मग ३ ने सरकवा.

७ हा खट भाजक. १८ च्या शिफ्टला ३७४५० × ७ मध्ये जादा ६ उरतात, मर्यादा ४ ची. १९ ला लागणारा ७४८९९ सोळा बिटांत बसत नाही. पण क्ष १०२३ च्या आतच राहणार असेल तर ९३६३ ने गुणून १६ ने सरकवा, झालं काम. भाज्याची कमाल किंमत माहीत असणं इथे फार कामाला येतं.

ऋण आकड्यांना नुसता शिफ्ट लावू नका: −७ ÷ २ चं उत्तर सी मध्ये −३ येतं, शिफ्टने −४.

एटीटायनी ८५ या छोट्या चिपमध्ये गुणाकाराचीही सूचना नाही. तिथे आकडे छापायला १००००, १०००, १००, १० क्रमाने वजा करत जा. १६-बिट आकड्याला जास्तीत जास्त ३२ वजाबाक्या यशस्वी होतात.

स्थिरांक निवडला की संगणकावर क्ष च्या सगळ्या ६५,५३६ किमती तपासा, क्षणाचं काम आहे. वेळ मोजताना टायमर १ हा चिपमधला टायमर प्रीस्केलरशिवाय (घड्याळाचा वेग न भागता) चालवा, इंटरप्ट बंद ठेवा आणि क्ष व्होलाटाइल करा (म्हणजे कंपायलर त्याची किंमत गृहीत धरत नाही). नाहीतर कंपायलर उत्तर आधीच काढून ठेवतो आणि मोजणी शून्याजवळ दिसते.