पांढरे केस तात्पुरते झाकताना या चुका टाळा

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. त्यामुळे डाय लावून तीन आठवडे उलटले की भांगात आणि कानशिलांवर पांढरी रेघ डोकावू लागते, आणि नेमके तेव्हाच बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतल्या एखाद्या लग्नाचे आमंत्रण दारात येते. एका दिवसासाठी पुन्हा डायचा घाट घालण्यापेक्षा टच-अप स्टिक, पावडर, स्प्रे किंवा केसांचा मस्कारा वापरणे केव्हाही सोयीचे ठरते. मात्र ही साधने केस रंगवत नाहीत. आयर्न ऑक्साइड किंवा कार्बन ब्लॅकसारखी रंगद्रव्ये मेणाच्या अथवा पॉलिमरच्या आधाराने केसाच्या बाहेरच्या थरावर नुसती बसवली जातात आणि शॅम्पू केला की ती निघून जातात. रंग ओघळला, कॉलरला डाग पडला किंवा केस थापल्यासारखे दिसले, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ उत्पादनापेक्षा ते लावण्याच्या पद्धतीतच सापडते.

तेल लावलेल्या किंवा ओल्या केसांवर टच-अप करणे

ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे. न्हाऊन झाल्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवल्याशिवाय अनेक घरांत वेणी घातली जात नाही, आणि त्याच तेलकट भांगावर कार्यालयात निघताना घाईघाईने पावडर लावली जाते. तेलावर पावडर पसरत नाही, तिच्या बारीक गुठळ्या होतात. स्टिकमधील मेणाला केसावर पकड मिळत नाही, आणि थोडा घाम येताच तोच काळपट ओघळ कपाळावर उतरतो. ओल्या केसांवरही हेच घडते, कारण पाणी सुकेपर्यंत रंगद्रव्य जागा सोडून सरकलेले असते. यावरचा उपाय क्रमात आहे: आदल्या दिवशी केस धुवावेत, कंडिशनर मुळांना न लावता फक्त टोकांना लावावा, केस पूर्ण वाळू द्यावेत, भांग पाडून अंबाडा किंवा वेणी घालून घ्यावी आणि मगच टच-अप करावे. आधी टच-अप आणि नंतर कंगवा असा उलटा क्रम ठेवल्यास निम्मा रंग कंगव्याच्या दातांत राहतो.

गजऱ्याचेही तसेच आहे. ताजा राहावा म्हणून पाणी शिंपडलेला गजरा झाकलेल्या केसांवर माळला, तर तासाभरात त्याखालचा रंग विरतो आणि मोगऱ्याच्या पाकळ्यांना काळी कड येते. गजरा आधी झटकून फडक्यावर टिपावा आणि शक्यतो अंबाड्याच्या खालच्या बाजूस माळावा.

शुद्ध काळी छटा निवडणे

आपल्यापैकी बहुतेकांचे केस उन्हात गडद तपकिरी दिसतात. दुकानातील ट्यूबलाइटखाली मात्र ते काळेभोर वाटतात, म्हणून बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात कटलरीच्या दुकानात उभे राहून निवडलेली काळी छटा बाहेर आल्यावर निळसर चमकते. दुकानाच्या दारात, उजेडात येऊन आपल्याच केसांच्या बटेशी छटा ताडून पाहावी आणि दोन छटांमध्ये संभ्रम असेल तर फिकी घ्यावी. मेंदी लावणाऱ्यांनी तर तपकिरी छटाच घ्यावी. मेंदीच्या तांबूस केसांत कुट्ट काळा पट्टा लांबूनही उठून दिसतो.

एकाच वेळी जाड थर देणे

पांढरा केस अनेकदा राठ असतो आणि त्यावर पहिला हात नीट बसत नाही, म्हणून स्टिक दाबून घासली जाते आणि केसांऐवजी भांगाची त्वचाच रंगते. डोक्याची कातडी दिसणारा भांग नैसर्गिक असतो. तो संपूर्ण काळा झाला की टोप घातल्यासारखे वाटते. पहिला पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा, मग जिथे पांढरे अजून दिसते तेवढ्यावरच दुसरा द्यावा. पावडर ब्रशने घासू नये, टेकवत जावे. मस्कारा वाळल्यावर केस बोटांनी मोकळे करावेत, नाहीतर चार-चार केसांच्या ताठ काड्या होतात. भांगात कुंकू भरायचे असल्यास तेवढी जागा आधीच मोकळी सोडावी, कारण दोन्ही रंग मिसळले की विटकरी चिखल होतो. चार-दोन पांढरे केस राहिले तर खुशाल राहू द्यावेत. माझ्या मते त्यानेच चेहरा खरा वाटतो.

स्प्रे वापरताना डबा वितभर लांब धरावा, कपाळावर जाड कागदाची आड धरावी, डोळे मिटावेत आणि श्वास क्षणभर रोखावा. बहुतेक स्प्रेमध्ये ब्यूटेन-प्रोपेनसारखा ज्वालाग्राही वायू असतो, म्हणून गॅसच्या शेगडीजवळ किंवा तेवत्या समईसमोर तो मारणे सरळ धोक्याचे आहे.

पाऊस, घाम आणि हेल्मेट विसरणे

खानापूर, जांबोटी, लोंढ्याकडचा पाऊस आणि अथणी-रायबागकडचा उन्हाळा या दोन्हींत हा रंग घरातून निघताना लावण्यात अर्थ नाही. दुचाकीवर हेल्मेटचे अस्तर आणि रेनकोटची टोपी दोन्ही कानशिलांवरचा रंग पुसून नेतात. स्टिक पर्समध्ये ठेवून कार्यालयात पोहोचल्यावर, केस टिपून, तिथल्या आरशासमोर लावणे शहाणपणाचे. बाहेर पडण्यापूर्वी कानशिलावर पांढरा रुमाल टेकवून पाहावा. डाग उमटला तर थर जास्त झाला आहे, तो टिश्यूने टिपावा. पुरुषांनी स्टिक मिशीवर वापरू नये, पहिल्या चहालाच ती कपाच्या कडेला लागते.

वेष्टन न वाचणे

दहा मिनिटांत केस काळे करणारी ‘काळी मेंदी’ तात्पुरती समजून घेणारे अजूनही बरेच आहेत. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस-केशरीच येतो. काळ्याभोर रंगासाठी त्या पुडीत बहुधा पीपीडी हे डायचे रसायन असते आणि काहींना त्याने तीव्र अ‍ॅलर्जी होते. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत असावी लागते; यातले काही नसलेली सुटी वस्तू स्वस्त असली तरी घेऊ नये. टच-अपचे साधनही प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस पाहावे. टाळूवर जखम, पुरळ किंवा खाज असताना ते लावूच नये, आणि लावल्यावर सूज आली तर लगेच धुऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

रात्री तसेच झोपू नये, उशीचा अभ्रा खराब होतो आणि टाळूवर थर साचत जातो. कपाळावरचा डाग साबणाने रगडण्याआधी कापसावर खोबरेल तेल घेऊन पुसावा. मेण तेलात सुटते. दुसऱ्या दिवशी डाय करायचा असेल तर हा थर शॅम्पूने पूर्ण काढावा, अन्यथा मेणाखालच्या केसांवर डाय सारखा चढत नाही आणि ठिपके राहतात.